इतिवृत्त

थॉर्नबी, यॉर्कशर. नियोजन समिती.
हजर नऊ, गैरहजर दोन. मी टिपून घेते.

टेकडीकडच्या वॉर्डात चाळीस घरं, परवडणारी.
हरकती दोनशे सहा.
गावाचं रूप जाईल. रहदारी वाढेल.
तळ्यातल्या पाणसरड्यांनी जायचं कुठे,
मिस्टर हॅलिवेलनी विचारलं, खरोखर डोळे भरून.
मी तेही लिहिलं. डोळ्यांचं सोडून.

मग नकाशावर बोट सरकलं
कचरा जाळायच्या भट्टीपलीकडे, रुळांना लागून,
जिथे मागच्या वेळची साठ आहेत
आणि त्याआधीची नव्वद.
तिथून हरकत एकच, पेन्सिलीने लिहिलेली,
मुदत टळून दोन दिवसांनी.
नियमाप्रमाणे धरली नाही.
ठराव मंजूर, सात विरुद्ध दोन.

जिन्यात हॅलिवेल घड्याळ बघत होते.
बायकोची कूस बदलायला
ग्लेनिस अजून पोचली नव्हती घरी;
भट्टीपलीकडून यायचं, दोन बस,
त्यातली एक आज आलीच नाही.

"इतक्या लांब का राहतात ही माणसं?"
मलाच विचारलं त्यांनी, कोटाची बटणं लावत.

माझ्या हातात पेन होतं.
पण सभा संपल्यावरचं बोलणं
इतिवृत्तात धरत नाहीत.