पावणेदोन तोळे

उदगीरला, चौबाऱ्याच्या खालच्या अंगाला,
मन्मथअप्पांच्या पेढीवर मी वजनं लिहितो.
एकतीस वर्षं झाली.
शिसवी पेटीत वजनांचे बारा खळगे;
आठव्यातलं पितळी वजन माझ्या आधीच कधी हरवलं,
तिथं एक परदेशी रुपया बसलाय.
चांदीचा. बरोबर पावणेदोन तोळे.

त्याच्यावर राजाचं तोंड नाही,
घोडा नाही, सिंह नाही.
एका अंगाला चार चौकटी, उंबरा नसलेल्या,
पाठीला पाठ लावून उभ्या,
प्रत्येकीच्या डोक्यावर मुकुट.
दुसऱ्या अंगाला चौकोनात दाटीनं बसवलेल्या चार ओळी.
अप्पांचे वडील म्हणायचे, यंत्र आहे हे कुण्या देवीचं.
लक्ष्मीपूजनाला त्यालाही विभूतीचं बोट लागायचं.
हाली शिक्का गेला, कलदार आला, कलदारही गेला,
ह्याला कुणी मोडीत काढलं नाही.

परवा भर दुपारी लाईट गेली
आणि इलेक्ट्रॉनिक काटा मुका झाला.
समोर तहसीन पटवेकर,
आईचे तोडे सोडवायला आलेली.
त्याच तोड्यांवर ती कझानला गेली होती, डॉक्टरकीला.
परत आली, इथली परीक्षा दुसऱ्यांदा राहिली,
आता देगलूर रोडच्या दवाखान्यात रात्रपाळी करते,
सुई हिची, सही दुसऱ्याची.
मी जुना तराजू काढला. एका पारड्यात तोडे,
दुसऱ्यात पाच, पाच आणि तो.

"थांबा चाचा. हे वजन नाही."
तिनं उचलला, ओढणीनं पुसला,
खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचला, मोठ्यानं.
चार ओळी. आम्हाला कुठल्याही मंत्राइतक्याच कळल्या.
मग मराठीत म्हणाली:
आम्हाला नको, आम्हाला नको, तुझ्याच नावाला.
"शिवार्पण की गं हे!" अप्पा गादीवरून पुढं सरकले.
"आणि ह्या चौकटी?"
"राजाचं पहिलं अक्षर. पावेलचा प. चारदा."
मला हसू आलं.
नाव देवाला दिलं म्हणायचं
आणि पाठीमागं स्वतःचं चारदा कोरून घ्यायचं,
वर मुकुटासकट.

ती सांगत राहिली, घड्याळाकडं बघत.
बेचाळीस वर्षं आईच्या गादीकडं बघण्यात गेली त्याची,
मिळाली ती चार वर्षं, चार महिने.
रुपयाची पत घसरली तर महालापुढं नोटांची होळी केली,
घरातली चांदीची ताटं आटवली,
म्हणाला म्हणे, भाव चढेपर्यंत जेवीन कथलाच्या ताटात.
हिंदुस्थानावर बावीस हजार घोडेस्वार सोडले,
ऐन बर्फात, धड नकाशा नसताना.
मार्चातल्या एका रात्री त्याच्याच माणसांनी
त्याच्याच झोपायच्या खोलीत त्याला संपवला,
आणि घोडेस्वार माघारी फिरले.

फौज आली नाही. हा आला.
बुखाऱ्याकडच्या कुणा घोडेवाल्याच्या कमरेला बांधून,
माळेगावच्या जत्रेत घोडा खपेपर्यंत थांबून,
की आणखी कुठून, ते वहीत नाही.
तहसीननं मोबाईलवर पाहिलं:
टांकसाळीतून निघाला तेव्हा अडीच गुंजा जास्त होता.
अडीच गुंजा.
किती तळहात लागले असतील तेवढं झिजवायला.
झिजून झिजून तो आमच्या मापात आला,
तेव्हा कुठं त्याला खळगा मिळाला.

लाईट आली. काट्यानं पिपाणी वाजवली.
तोडे पावणेबारा तोळे, जुन्यानं सांगितलं तेवढेच.
अप्पांनी रुपया दोनदा कपाळाला लावला,
व्याज मात्र पैचंही सोडलं नाही.
तीनशे कमी पडले. पहिल्या तारखेला देते, म्हणाली.

मी वही ओढली, लिहिलं:
डॉ. तहसीन पटवेकर, येणे तीनशे.
तिनं उलटं बसूनही वाचलं.
"ते पहिलं अक्षर अजून नका लिहू, चाचा."
मी मान हलवली.
खोडलं नाही. शाई वाळेपर्यंत
वही तशीच उघडी ठेवली.