तिसरी वही

बाबा आधी रेघा मारायचे.
पाच तोंडांचा पितळी टाक, एका ओढीत पाच रेघा,
मग माझ्याकडे बघायचे: विनिफ्रेड, हात हलला का गं?
हलला असला तरी मी नाही म्हणायची.

शाई घरचीच. ओकच्या फांदीवरच्या गाठी,
किड्याने घर केलेल्या, कुटून
पावसाच्या पाण्यात भिजवायच्या, वर हिराकस.
लिहिताना फिकट असते,
रात्रीतून काळी होते.

हॉर्नबीत राणीच्या देवळात न जाण्याचा दंड
दर रविवारी बारा पेन्स.
आधी शेळी गेली, मग तांब्याची कढई,
मग ज्यावर मी जन्मले तो पलंग.

एका मिस्साचे चार आवाज, चार वह्या, चार घरं.
एका छपराखाली सगळं गाणं ठेवायचं नाही.
पहिली पाणचक्कीवाल्या थर्स्टनकडे, पिठाच्या कोठीत.
दुसरी विधवा अर्सुलाच्या पाळण्यात, बाळाखाली.
चौथी कुठे ते आजही सांगणार नाही.
तिसरी आमच्याकडे. तो आवाज बाबांचा.

झडतीवाल्यांनी चुलीमागची वीट काढली.
एकाने वही उलटी धरून पाहिली, बराच वेळ.
वाचता येत नव्हतं त्याला.
चूल पेटलेलीच होती.

लँकेस्टरच्या किल्ल्यात सगळं विकत मिळतं:
पेंढा, मेणबत्ती, बेड्या सैल करून घेणं.
शनिवारी मी धुतलेले सदरे देते, मळके आणते.
फेब्रुवारीत एका शिवणीत कागद लागला हाताला.
एका बाजूला तुरुंगाचा हिशेब, पाव, बिअर;
पाठीवर पाच रेघा,
एकेक करून ओढलेल्या.
हात हलला होता.

खाली शब्द एकही नाही. नुसते सूर.

ईस्टरच्या आदल्या रात्री चक्कीत जमलो,
खिडकीला गोणपाट, पाणी मुद्दाम सोडलेलं.
तिसरा आवाज कोण गाणार?
थर्स्टन म्हणाला, पोरी, तुला येतो.
माझा गळा वरचा, तरी उभी राहिले.

मध्येच एक विराम आला, आठ मात्रांचा.
जळलेल्या वहीत तो नव्हता, मला पाठ आहे ती.
आणि उतरवताना बाबा चुकत नाहीत.

बाकीचे तिघे पुढे गात राहिले.
मी गप्प, पिठाच्या पोत्यावर बोटांनी मोजत.
पाचव्या मात्रेला कळलं:
इथे आता त्यांना श्वास पुरत नाही.

सहा. सात. आठ.
मी पुन्हा आत शिरले.