उष्टं

पायसांदूच्या बास्केटबॉल मैदानात
फ्री-थ्रोच्या रेषेवर मांडलेली खुर्ची.
हात पुढे करा म्हटल्यावर ओदिलोननं
पगाराच्या दिवशी करायचा तसा तळहात पसरला.
"तळहात नव्हे, आजोबा. दंड."

टोचलंसुद्धा? एवढंच?

पंधरा मिनिटं बसून राहा म्हणाले.
बाकीचे घड्याळाकडे बघत होते,
हा गुणफलकाकडे :
यजमान शून्य, पाहुणे शून्य.

मग दुसरा डोस. वर दोन आठवडे.
मग नदीकाठचा बाक.
एदेल्मा आधीच आलेली, काखेत थर्मास.
वर्षभर बसले ते दोन टोकांना,
आपापली भोपळ्याची वाटी, आपापली नळी.
माते पिणं कसलं, काढा घेणं ते.
मधली जागा हिलारियोची.
त्याचा नंबर यायला आठ दिवस उरले होते.

आज ओदिलोनची वाटी घरीच राहिली.
विसरला की ठेवून आला,
त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

पहिली वाटी तिनं संपवली, रिवाजाप्रमाणे.
पुन्हा पाणी ओतलं
आणि वाटी हातातच धरून बसली.
पलीकडे, अर्जेंटिनाच्या काठावर, कुत्रं भुंकत होतं.

नळीचं टोक पुसायला तिनं रुमाल काढला,
मधेच थांबली.
"राहू दे," तो म्हणाला,
आणि सरकला,
हिलारियोच्या जागेवर, अर्ध्यापर्यंत.

कडू. कोमट होत चाललेलं.
नळीला तिच्या लिपस्टिकचा पुसट वास.

इथे आभार मानले
की वाटी पुन्हा आपल्याकडे येत नाही.
तो काहीच बोलला नाही.