खोलीच्या तापमानाला

बाटलीच्या मागं बारीक अक्षरात छापलंय:
खोलीच्या तापमानाला प्यावी.
कुणाच्या खोलीच्या?
एप्रिल. अक्कलकोट रोड. वर पत्रा.
देवळीतली मेणबत्ती न पेटवताच वाकते इथं.

राजेशमनं कारखान्यातला टॉवेल आणला,
एका कडेला वीण सुटलेला, एक्सपोर्टातून परत आलेला.
भिजवला, पिळला, बाटलीभोवती गुंडाळला
आणि टेबलफॅनसमोर उभं केलं तिला
ताप भरलेल्या पोरीसारखं.
वीस मिनिटांनी गळ्याला हात लावून म्हणाला,
उतरला.

हे आमचं दिवाळीपासून चाललंय.
महिन्याला एक, पाचशेच्या आत,
दुसऱ्या शनिवारी, माझी बँक बंद असते तेव्हा.

पहिल्यांदा दुकानात गेले तर
काउंटरवरचा पोरगा माझ्या मागं बघत राहिला,
कुणी गडीमाणूस येतोय का म्हणून.
मग बाटली पेपरात गुंडाळायला लागला.
म्हटलं, काय करलालास रे? चोरीची आहे का?
टाक पिशवीत, ज्वारीवर, आडवी.
आता तोच सांगतो,
मॅडम, ही नका घेऊ, नुसतं लेबल आहे.

दुधाच्या वहीत मागच्या पानापासून मी लिहीत येते.

कडक भाकरी, शेंगाचटणी, लाल, चारशे ऐंशी:
भांडण. तिखट आणि तुरट एकमेकांच्या उरावर.
त्याला घाम, मला उचकी.

तीच चटणी, वर दही. पांढरी, किंचित गोड, अकलूजकडची, चारशे दहा:
समेट.
लसूण मागं सरकला, शेंगदाणा पुढं आला.

हुरडा, नान्नजला, माझ्या मामेभावाच्या रानात. पांढरी, कोरडी:
स्टीलच्या पेल्यात. कोवळ्या दाण्याचं दूध
आणि हिची आंबट धार. भाऊ म्हणाला,
ताकच की, जरा शिकलेलं.

विजापूर वेशीतला शीक, गरम, कागदात.
परत तीच लाल, चारशे ऐंशीची:
धुरासमोर शहाण्यासारखी वागली.
माणसं पण अशीच असतात, असं लिहिलं होतं,
नंतर खोडलं.

पुण्याचा पुतण्या एकदा बत्तीसशेची घेऊन आला.
नाक पेल्यात घालून म्हणाला, काकू, चेरी येतेय, ओक येतोय.
आमची चेरी म्हणजे आइसक्रीमवरची
रंगवलेली पपई.
राजेशमनं हुंगलं, बराच वेळ.
खळ चढवलेला ओला ताणा, म्हणाला,
बापाच्या मागाचा.
पुतण्या हसला. आम्ही नाही.

बाप पगाराच्या दिवशी
मिलच्या फाटकातून थेट शिंदीच्या दुकानात जायचा.
घरी चालत यायचा तो पगार नव्हता.
म्हणून त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत यानं ओठ लावला नाही,
आणि लावला तेव्हापासून
पेला संपला की बूच लावतो,
खिशातलं बॉलपेन काढतो,
लेबलवर, पातळीला, एक आडवी रेघ ओढतो.
कुणाला दाखवायला नाही. माझ्याकडं बघतही नाही.

त्या रेघेखाली मी कधी गेले नव्हते.

परवा सोमवारी वीज गेलेली.
यंत्रमाग गप्प, सगळी गल्ली एकदम ऐकू येत होती.
तो दुसऱ्या पाळीला.
परातीत सकाळची अर्धी भाकरी, कडेला वाळलेलं पिठलं,
फ्रिजमध्ये पांढरी, शनिवारची.
वीज नाही, खराब होईल, असं मी स्वतःला सांगितलं.
चार घोट. उभ्यानंच, ओट्याला टेकून.

काय सांगू,
हिंगाला ती अशी भेटली
जणू दोघी एकाच शाळेतल्या.

वहीत लिहिलं नाही.

रात्री त्यानं फ्रिज उघडला.
मी भांडी विसळत होते, पाठमोरी.
पेनचं टोपण निघाल्याचा आवाज आला.
सकाळी बघते तर जुन्या रेघेखाली
बोटभर अंतरावर, नवी रेघ.

रात्री काहीच बोलला नव्हता.
डबा घेताना, चप्पल घालताना,
दारातनं वळून एवढंच विचारलं,

कशाबरोबर?