पावती क्रमांक सतरा

भूपालअण्णा,
तुमच्या गल्ल्यावरच्या काचेखाली अजून आहे
माझी पावती. क्रमांक सतरा.
साडेचार हजार रोख, दोन फ्लॉप्या,
आणि खाली माझ्याच अक्षरात एक शब्द :
कायमस्वरूपी.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.
कायम म्हणजे किती, हे विचारावं
असं शेजारी कुणी नव्हतं.

परवा तुम्ही नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलंत.
नखात हळद.
"काटा घेतला तुझ्यासंगट त्याच वर्षी.
त्यो कधी म्हणला का,
मी सुधारलोय, आता पैसे काढा?"
हमाल हसले. मीही हसलो,
गिऱ्हाइकाबरोबर हसायचं असतं म्हणून.

उत्तर सुचलं ते आयर्विन पुलावर,
गाडी निम्म्यात आल्यावर.
अण्णा, काट्यालाही शिक्का मारून घ्यावा लागतो,
वजनमापवाल्याकडून, फी भरून.
पण पूल ओलांडून झाला होता
आणि सांगलीवाडीत माझी पोळी गार होत होती.

हिशेब मांडू या म्हटलं तर मांडता येतो.
शंभर पोत्यांमागं तोलाईत पंचवीस पैसे गळायचे,
ते तुमच्या दिवाणजींनी, तातोबांनी, पेन्सिलीनं पकडलं.
ती माझी चूक. तिचे पैसे मागितले असते
तर मला तुमच्या पेढीची पायरी चढता आली नसती.
दोन हजार साल आलं, दोन आकड्यांचे चार केले.
तीही चूकच म्हणायची, फक्त आधी सगळ्या जगानं केलेली.
पुराच्या वर्षी तुमचं यंत्र गाळात सापडलं,
वखारभागातून ते खांद्यावरून आणलं,
आणि मी पाचव्या दिवशी तुमची खाती उभी केली.
त्याचं बिल करायचं सुचलंच नाही,
सुचायला हवं होतं असं बायको म्हणते.

पण कर बदलला, अण्णा,
तो तुम्ही बदलला नाही, मीही नाही.
रात्री तीनपर्यंत मी रकाने पाडत बसलो
दुसऱ्याच कुणाच्या तरी सहीसाठी.
ही रात्र कुणाच्या खात्यावर टाकायची?

तुम्ही चिकट नाही, हे मला माहीत आहे.
दर पाडव्याला पाच किलो हळद घरी येते,
आम्ही चौघं, ती वर्षभर पुरून उरते.
टाय लावून आलेल्या त्या पुण्याच्या पोराला
तुम्ही उभ्या उभ्या परत धाडलंत.
वर्षाचं भाडं, नाही भरलं तर
रात्री बाराला सगळं बंद.
"माझ्या दुकानाची किल्ली
दुसऱ्याच्या खिशात नको," म्हणालात.

आता एक सांगतो, ते तुम्हाला ठाऊक नाही.
तसली एक ओळ मीही लिहिली होती.
मुलीची फी भरायची होती त्या जूनमध्ये.
तारीख उलटली की खाती उघडणार नाहीत, एवढीच.
मग तिच्यापुढं एक चांदणी काढली.
आमच्या भाषेत चांदणी काढली की ओळ झोपते.
पुसली नाही.
तुमच्या पेढीत, तुमच्याच यंत्रात,
ती अजून निजलेली आहे.

आज सकाळी तयारीनं आलो,
काट्याचं उत्तर ओठांवर घेऊन.
तर दारातच वजनमापवाला बसलेला,
तुमचाच काटा पुढ्यात,
आणि तुम्ही त्याला नोटा मोजून देत होता.
मला पाहिलंत. मोजायचं थांबलात.
मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात.

उत्तर गिळलं. तुम्ही चहा सांगितलात.
बशीत ओतून निम्मा झाल्यावर म्हणालात,
"किती?"

मी आकडा सांगितला,
आणि नेमका तेव्हाच बाहेर सौदा पुकारला गेला,
राजापुरीचा की सेलमचा, कळलं नाही,
एवढा गलका.

तुम्ही मान हलवलीत
ती मला की बाहेरच्या भावाला,
हे पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.
पावतीपुस्तक काढलं.
तारीख घातली, नाव घातलं.
खालच्या मोकळ्या जागेवर
पेन टेकवून बसलोय,
शाई पसरतेय.