एव्हारिस्ता उलटी चालते

सकाळी साडेआठला, मळ्याच्या झरीपाशी
आम्ही अकरा जण. माणशी सहाशे रुपये, पाणी ज्याचं त्यानं.
म्हापशाच्या लग्नाला अजून एक दिवस होता
आणि आत्याकडे कुणी बसू देत नव्हतं,
म्हणून मी आले.

एव्हारिस्ता तोंड आमच्याकडे करून
उलटी चालते.
हातात मिटलेली लाल छत्री,
पाठीला गल्ली.
कुठे गटाराचं झाकण हललंय, कुठे पायरी रस्त्यात आलीय,
कुठे तीन नंबरच्या घराचा कुत्रा आडवा पडलेला असतो,
हे तिच्या टाचांना ठाऊक.
पुढे पाहून चालणारे आम्हीच
दोनदा ठेचकाळलो.

‘रुआ म्हणजे रस्ता,’ ती म्हणाली.
इचलकरंजीच्या एका मुलानं ते वहीत लिहून घेतलं.
पांढरा रंग फक्त इगर्जीला.
घरांनी पिवळं व्हायचं, निळं व्हायचं, काव लावायची
दर पावसाळ्यानंतर, असा हुकूम होता म्हणे.
निळ्या घराच्या बलकावात एक म्हातारा
बनियनवर बसून कांदे सोलत होता.
‘हुकूम कसला?
आमच्या बापायचा भाऊ होड्या रंगवायचा. उरलेला हा.’
एव्हारिस्ता हसली, ‘लाम्बर्त, तुझी तू वेगळी फेरी काढ.’
मुलानं तेही लिहून घेतलं.

पिवळ्या दाराला टेकून
पिवळ्या झग्यातली एक मुलगी फोटो काढून घेत होती.
आतून कुणी दार उघडलं.
दोघी एकदमच ‘सॉरी’ म्हणाल्या.

पुढच्या वळणावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
बाकीचे कपेलाच्या पायऱ्यांवर टेकले.
तिनं पिशवीतून दाभण काढला, सुतळी काढली.
सव्वीस वर्षं पणजीच्या पोस्टात,
त्यातली एकोणीस ह्याच बीटवर.
चप्पल मांडीवर घेऊन शिवता शिवता
तिनं मला दुसरीच गल्ली दाखवली.

त्या हिरव्या दारात नैरोबी यायची, महिन्यातून दोनदा.
वरच्या मजल्यावर बहारीन. मनीऑर्डर नाही, नुसतं पत्र,
म्हणून तिथली सून दार उघडायला उशीर लावायची.
ह्या दोघा भावांना एकाच पाकिटात कोर्टाची नोटीस,
पाकिटावर आधी नाव कुणाचं
त्यावरून पुन्हा भांडण.
आणि ते, जिथं आता काचेचं दार, आत एसी, रिसेप्शन,
तिथं दोना कितेरिया.
ती गेल्यावरही लिस्बनहून पत्रं येत राहिली,
पावणेदोन वर्षं.

‘परत नाही पाठवलीत?’
‘शिक्का होता ना माझ्याकडे. मारवला नाही.
दाराच्या फटीतून आत सरकवायची
आणि थोडी उभी राहायची.
लाकडी जमीन. पहिलं पत्र टप्प वाजलं.
मागाहून आवाज येईना.
पत्र पत्रावर पडायचं.’

हे फेरीत का नाही सांगत?
तिनं दातांनी सुतळी तोडली.
‘पत्रं दुसऱ्याची, बाय.’

मग छत्री वर. पुन्हा पाठ गल्लीला, तोंड आम्हाला.
काचेच्या दारासमोर ती गॅलरीच्या गजांबद्दल बोलली:
बिडाचे, जहाजातून आलेले, द्राक्षांची नक्षी बघा.
सगळ्यांनी माना वर केल्या.
तिचा डावा हात तेवढा मागे गेला,
गुडघ्याच्या उंचीवर,
काचेवरून थोडा फिरला, 
आणि छत्रीच्या मुठीवर परत आला.

चप्पल लग्नात टिकली.
सुतळीला जुन्या लाखेचा एक कण चिकटलेला होता,
अक्षता पडेपर्यंत
अंगठ्याला टोचत राहिला.