एक की सात की नऊ

अजमानच्या जुर्फमध्ये, टायरवाल्याच्या मागे,
पत्र्याच्या शेडखाली टेकून उभी आहे
एका बोटीची डावी कूस.
भंगारवाल्यानं किलोवर विकली.
बोटीचं नाव विचारलं तर म्हणाला, नावाचे वेगळे पैसे.

बारा माणसांचं टेबल हवंय.
वर बोटीचा साग, खाली स्टीलचे पाय,
पाय असे, की दिसू नयेत आणि डगमगूही नयेत.
डिझायनर बाई फोनवर चित्र दाखवतात.
चित्रातल्या टेबलावर कधी कुणी जेवलेलं नाही.

मी आधी खिळे काढतो.
चौकोनी, हातानं घडलेले,
डोक्याखाली तेलात बुडवलेलं सूत.
काही दुधाच्या दातासारखे सुटून येतात.
काही येत नाहीत. ते मोतालेब ग्राइंडरनं कापतो
आणि बंगालीत पुटपुटतो, शिवी नसावी.
खिळा गेला तरी भोकाभोवती काळं कडं राहतं.
लोखंडानं सागात पन्नास वर्षं शाई सोडलीय.
रंधा मारा, पेपर मारा,
ती आणखी आत जाऊन बसते.

आमच्या घरात लाकूड वडलांकडचं,
लोखंड आईच्या माहेरचं.
जेवताना दोघांचा वाद, कुणी कुणाला धरून ठेवलंय.
मी मधे, अजूनही:
वेल्डिंगची काच कपाळावर, पेन्सिल कानावर.

पाय बंदरातल्या मोडक्या क्रेनचे केले.
सांधे घासून गुळगुळीत नाही केले, शिलाई दिसू दे.
स्क्रूंना लांबट भोकं ठेवली.
एसीत साग आकसणार, दमट दिवसांत फुगणार,
त्याला हलायला जागा हवी.
लोखंडाला हे समजावून सांगावं लागतं.

ऑगस्टात सँडर तापला
की लाकडातून मुशीचं तेल सुटतं.
टायरवाला पठाण नाक धरून डोकावतो,
आज मासळी वाटतं?
हो म्हणतो. बारा माणसांची.

तिसऱ्या फळीच्या पोटात
पटाशीनं कोरलेली खूण निघाली.
वर गोल, खाली शेपटी.
मी म्हटलं, एक.
मोतालेब म्हणाला, सात. त्यांच्यात सात असाच लिहितात.
टेम्पोवाला याकूब, सुदानचा,
चहाचा पेला फळीवर ठेवत: नऊ आहे. सरळ नऊ आहे.
एक असेल तर ही कण्याला लागून, जन्मभर पाण्याखाली.
सात असेल तर अर्धी ओली, अर्धी उन्हात.
नऊ असेल तर हिनं किनारे बघितलेत.
चहा संपला. माघार कुणी घेतली नाही.

एक फळी कमी पडली.
खोटं कशाला बोलू, पॅलेटचं पाइन घेतलं,
साखळीनं झोडलं, गिरमिटानं भोकं पाडली,
व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून
कडी काळी केली. पन्नास वर्षं एका दुपारीत.
मोतालेब बघत होता.
म्हणाला, उस्ताद, हुबेहूब.
ते लागलं मला.
बिलात साग लिहिला.

टेबल रास-अल-खैमाला पोचवलं.
घरातल्या म्हाताऱ्याला, खमीस त्याचं नाव,
चाकाच्या खुर्चीतून आणलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत.
त्यानं टेबलाच्या कडेला नाक लावलं
आणि सरकत गेला, मागून ढकलणारी नर्सही सरकत.
माझ्या पाइनशी आला. थांबला नाही.

खूण त्याच्या बोटांना सापडली.
ती बाजू मी मुद्दाम वर घेतली होती.
विचारलं, बाबा, किती?
त्यानं उत्तर दिलं नाही.
शेजारच्या भोकात करंगळी घातली, फिरवली,
बाहेर काढून चाखली.
इथून, म्हणाला. ही नेहमी इथूनच गळायची.

मग जेवायला काय आहे ते विचारलं.